तरंगणं म्हणजे गुरुत्वाकर्षण नसणं नव्हे: फरक ओळखायचा कसा

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या ८८ टक्क्यांहून थोडी जास्तच भरते. तरीही १९८४ मध्ये सॅल्यूट-७ स्थानकात राकेश शर्मा तरंगत होते, आणि २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकात शुभांशु शुक्लाही तरंगत होते. ओढ जवळजवळ सगळी शाबूत आणि वजन मात्र शून्य, हे एकाच वेळी कसं खरं असतं?

‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे उत्तर वर्गात, बातम्यांत, प्रश्नमंजूषांत इतक्यांदा दिलं जातं की ते चूक आहे हे नुसतं सांगून भागत नाही. हिशोब करून, बाटली पाडून, फोन पाडून ते दाखवावं लागतं. पुढच्या पायऱ्या विज्ञान शिक्षकांना, दहावी-अकरावीच्या मुलांना आणि घरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या पालकांना जशाच्या तशा वापरता येतील. शेवटची पायरी थोडी अवघड आहे, पण खरा निवाडा तिथेच होतो.

आधी दोन शब्द वेगळे करा: ओढ आणि रेटा

खुर्चीवर बसल्यावर आपल्याला जे ‘वजन’ जाणवतं, ती पृथ्वीची ओढ नसते. ओढ शरीराच्या कणाकणावर सारखी चालते, ती जाणवत नाही. जाणवतो तो खुर्चीचा वरच्या दिशेचा रेटा. तळपायाला जमिनीचा, मांड्यांना खुर्चीचा, पाठीला गादीचा. वजनकाटासुद्धा ओढ मोजत नाही. तुम्हाला वर धरून ठेवायला त्याला किती रेटा द्यावा लागतो, ते मोजतो. ताणकाट्याचंही तेच.

म्हणून ‘काटा शून्य दाखवतो’ याचा अर्थ एवढाच की आधार देणारं काही नाही. ओढ आहे की नाही याबद्दल काटा काहीच बोलत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, तेव्हा वर्गात घाई करू नका. खुर्चीवर बसलेल्या मुलाला विचारा, ‘तुला नक्की काय जाणवतंय आणि कुठे?’ तो बैठकीकडे बोट दाखवेल. तो रेटा.

पायरी १: त्या उंचीवरची ओढ स्वतः काढा

लागतं फक्त मोबाइलमधलं कॅल्क्युलेटर. पृथ्वीसाठी गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान हा गुणाकार ३,९८,६०० घन किलोमीटर प्रति वर्ग सेकंद येतो. हा एकच आकडा लिहून ठेवा. त्याला पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने भागलं की त्या जागचं गुरुत्व त्वरण मिळतं.

जमिनीवर अंतर ६,३७१ किलोमीटर. वर्ग ४,०५,८९,६४१. भागाकार ०.००९८२ किलोमीटर प्रति वर्ग सेकंद, म्हणजे ९.८२ मी/से². स्थानकासाठी अंतर ६,३७१ अधिक ४००, म्हणजे ६,७७१. वर्ग ४,५८,४६,४४१. भागाकार ८.६९ मी/से². दोन्हींचं गुणोत्तर ०.८८५.

हमखास होणारी चूक म्हणजे सूत्रात अंतर म्हणून ४०० घालणं. उंची आणि केंद्रापासूनचं अंतर यांत गल्लत झाली की त्वरण काहीच्या काही मोठं येतं. दुसरी चूक एककांची: किलोमीटर आणि मीटर मिसळले की उत्तर हजारपटीने किंवा दहा लाखपटीने चुकतं. जमिनीचा हिशोब आधी करून ९.८ येतंय ना, हे तपासूनच पुढे जा.

हाच हिशोब आणखी तीन जागांसाठी करा. १०० किलोमीटरवर, जिथे अवकाशाची सीमा मानली जाते, ९.५२ मी/से² येतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात, तिथे ०.२२. चंद्राच्या अंतरावर, म्हणजे ३,८४,४०० किलोमीटरवर, ०.००२७. ही ओढ तेवढीच उरली असली तरी चंद्राला वळवत ठेवायला ती पुरते. आकडा उतरत जातो, पण शून्य कुठेच होत नाही.

आता मुलांना विचारा: ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस काट्यावर उभा राहिला, तर काटा किती दाखवेल? उत्तर ५३ किलो. त्याच्या अगदी शेजारून स्थानक जाईल आणि त्यातली माणसं तरंगत असतील. उंची तीच, ओढ तीच. फरक एवढाच की मनोरा आधार देतो आणि स्थानक देत नाही.

पायरी २: भोक पाडलेली बाटली

एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तळापासून ३ सेंटिमीटरवर, बाजूला, ४ मिलिमीटरचं भोक पाडा. तापवलेला खिळा पकडीत धरून टेकवला की भोक गोल आणि साफ होतं. हे काम मोठ्यांनीच करावं. भोकावर बोट ठेवून पाऊण बाटली पाणी भरा, झाकण काढून ठेवा. खाली बादली ठेवा, स्टुलावर उभं राहून बाटली बादलीच्या वर २ मीटरवर धरा, बोट काढा. धार सुरू झाली की बाटली सोडून द्या.

२ मीटर पडायला ०.६४ सेकंद लागतो. डोळ्यांना धार थांबल्याचा भास होतो, पण खात्री हवी असेल तर फोनच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. सेकंदाला २४० चौकटी मिळाल्या तर पडण्याच्या काळातल्या दीडशेच्या आसपास चौकटी हाती लागतात. धार तुटलेली त्यात स्वच्छ दिसते.

धार का तुटते? उभ्या बाटलीत वरचं पाणी खालच्या पाण्यावर दाब देतं, कारण बाटलीचा तळ सगळ्याला थोपवून धरत असतो. तळच पाण्याबरोबर पडू लागला की थोपवणारं कोणी उरत नाही, दाब जातो, धार थांबते. या अर्ध्या सेकंदात पृथ्वीची ओढ तसूभरही कमी झालेली नाही. तीच तर बाटलीला खाली नेत आहे.

आता हाच प्रयोग उलटा करा, आणि हा भाग वगळू नका: बाटली सरळ वर फेका. हात वर ढकलत असताना धार जोरात येते, कारण हात नेहमीपेक्षा जास्त रेटा देतो. हातातून सुटली की धार लगेच थांबते, बाटली अजून वर जात असली तरी. म्हणजे मुक्तपतन खालीच जाणारं असतं असं नाही. फक्त ओढीच्या हवाली होणं, मग वेग कोणत्याही दिशेला असो, म्हणजे मुक्तपतन. स्थानकाचा वेग आडवा आहे, इतकाच फरक. पुढची पायरी कळायला हीच वर फेकलेली बाटली उपयोगी पडते.

प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी. झाकण लावलेलं राहिलं की हवेच्या दाबामुळे धार मुळातच येत नाही. भोक मिलिमीटरभरच असलं की पृष्ठताणामुळे पाणी थेंबथेंब येतं आणि थांबल्याचं कळत नाही. आणि बाटली पोटाशी दाबून धरली तर सोडताना ती फुगून पूर्ववत होते, धार डचमळते. गळ्याशी, दोन बोटांत धरा.

पायरी ३: फोनमधला त्वरणमापी

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापी असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे ॲप मोफत आहे आणि ते त्याचे आकडे थेट आलेखात दाखवतं. त्यात त्वरणाचे दोन पर्याय असतात: एक ‘जी’ (g, म्हणजे गुरुत्व त्वरण) धरून, दुसरा जी वगळून. आपल्याला पहिला हवा.

फोन टेबलावर ठेवा. आकडा ९.८ च्या आसपास स्थिरावेल. महाराष्ट्रात खरं मूल्य ९.७८ च्या जवळ असतं, पण फोनचा संवेदक इतका काटेकोर नसतो. इथे थांबून विचारा: फोन हलत नाही, मग त्वरण ९.८ कसं? कारण तो ओढ मोजत नाही. टेबलाचा वरचा रेटा मोजतो, काट्यासारखाच.

मग गादीवर दोन उशा ठेवा आणि फोन दीड मीटरवरून सोडा. पडायला ०.५५ सेकंद लागतो. आलेखात ९.८ वरून शून्याजवळ आलेली खोल दरी दिसेल आणि शेवटी आपटल्याचा उंच सुळका. दरीची रुंदी मोजा. ०.५५ सेकंदाच्या जवळ असेल तर प्रयोग जमला.

फोन कसा सोडता याला फार महत्त्व आहे. उभा, अरुंद कड खाली करून सोडा. आडवा सोडला तर हवा त्याला खालून रेटा देते. नेहमीच्या आकाराच्या, २०० ग्रॅमच्या फोनवर हा रेटा शेवटी शेवटी १ मी/से² च्या घरात जातो आणि दरीचा तळ चढता दिसतो. सोडताना फोन फिरला तरी घोटाळा होतो. संवेदक फिरण्याच्या अक्षापासून ३ सेंटिमीटरवर असेल आणि फोन सेकंदाला दोन फेऱ्या घेत असेल, तर नुसत्या फिरण्याने ४.७ मी/से² इतका आकडा येतो. म्हणून एका हाताने झटका न देता, वरच्या कडेला दोन बोटांत धरून हलकेच सोडा. सगळं नीट केलं तरी ०.१ ते ०.३ उरतोच, ती संवेदकाची स्वतःची चूक.

‘जी वगळून’ हा पर्याय निवडला तर उलटंच दिसतं: टेबलावर शून्य आणि पडताना ९.८ च्या आसपास. यात फोन बिघडलेला नसतो. तो खरा आकडा घेतो आणि स्वतःच्या अंदाजाने ९.८ वजा करून दाखवतो, एवढंच.

हवेच्या रेट्याची ही अडचण मोठ्या प्रयोगशाळांनाही येते. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या पतन मनोऱ्यात वस्तू ११० मीटर पडते, ४.७४ सेकंद वजनरहित राहते, आणि त्यासाठी आधी आतली हवा उपसून काढावी लागते. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये २.५ सेकंदांचा पतन मनोरा आहे. या साऱ्या जागा जमिनीला चिकटलेल्या आहेत, तिथे ओढ पुरेपूर आहे, तरी आतल्या ज्योती आणि थेंब अवकाश स्थानकातल्यासारखे वागतात.

फोन पाडायचा धीर होत नसेल तर लिफ्ट आहे. काट्याचा, म्हणजे डायलचा वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभे राहा. डिजिटल काटा चालत नाही; तो आकडा एकदा पकडून धरतो आणि मधला बदल दाखवत नाही. खाली निघताना लिफ्ट सुमारे १ मी/से² ने वेग घेत असेल तर ६० किलोचा माणूस क्षणभर ५४ भरतो. मधल्या मजल्यांवर, वेग एकसारखा असताना, पुन्हा ६०. वेगामुळे वजन बदलत नाही, वेग बदलण्यामुळे बदलतं. वेग ९.८ ने वाढत गेला असता तर काटा शून्यावर आला असता.

पायरी ४: पडतंय, मग आपटत का नाही?

बहुतेकांची गाडी इथे अडते. बाटली पडली ती जमिनीवर आली. स्थानक १९९८ पासून पडतंय, मग ते खाली का येत नाही?

स्थानकाचा आडवा वेग सेकंदाला ७.६७ किलोमीटर. पहिल्या पायरीत आलेलं त्वरण ८.६९, म्हणजे एका सेकंदात ते निम्म्याने, ४.३५ मीटर खाली पडतं. त्याच सेकंदात ते ७.६७ किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि पृथ्वी गोल असल्याने तेवढ्या अंतरात तिचा पृष्ठभाग खाली वळलेला असतो. किती, तेही काढा: ७.६७३ चा वर्ग ५८.८७. त्याला केंद्रापासूनच्या अंतराच्या दुपटीने, म्हणजे १३,५४२ ने भागा. उत्तर ०.००४३५ किलोमीटर, म्हणजे ४.३५ मीटर.

दोन्ही आकडे तंतोतंत जुळतात. जेवढं पडतं तेवढीच जमीन दूर सरकते. हे मुलांच्या हातून करून घ्या. फळ्यावर लिहून दिलेल्या उत्तरापेक्षा स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर जुळलेला आकडा जास्त पटतो. एक फेरी ९२ मिनिटांची होते, तीही याच आकड्यांतून काढता येते: परिघ ४२,५४३ किलोमीटर, भागिले वेग.

याच टप्प्यावर एक उत्तर ऐकू येतं आणि ते बरंच प्रतिष्ठित आहे: ‘गुरुत्वाकर्षण आणि अपकेंद्री बल एकमेकांना संतुलित करतात, म्हणून यान तरंगतं.’ हे उत्तर काळजीपूर्वक तपासा. बलं खरोखर संतुलित असती तर एकूण बल शून्य झालं असतं, आणि न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. त्याचा मार्ग वळतो, याचाच अर्थ बल संतुलित नाही. स्थानकावर महत्त्वाचं बल एकच, पृथ्वीची ओढ, आणि तेच अभिकेंद्री, म्हणजे केंद्राकडे वळवणारं, बल म्हणून काम करतं. अपकेंद्री बल स्थानकाबरोबर फिरत बसून हिशोब मांडला तरच घ्यावं लागतं. तसा हिशोब चुकीचा नाही, पण ‘फिरत्या चौकटीतून पाहिलं तर’ हे शब्द सोडून दिले की तो चुकीचा होतो.

शिवाय या उत्तराने वर फेकलेल्या बाटलीचं काहीच स्पष्टीकरण मिळत नाही. ती पृथ्वीभोवती फेऱ्या मारत नव्हती, तरी तिच्यातली धार थांबली. फ्रान्समधली नोव्हेस्पेस कंपनी एअरबस ए३१० विमान परवलयाच्या आकारात उडवते. प्रत्येक वेळी २२ सेकंद आतली माणसं तरंगतात. त्याआधी आणि नंतर विमान सावरताना त्यांचं वजन १.८ पट होतं. त्या उंचीवर ओढ ९९ टक्क्यांहून जास्त. अपकेंद्री बलाची गोष्ट तिथेही लागू पडत नाही, मुक्तपतनाची पडते.

पायरी ५: मनातल्या मनात वेग काढून घ्या

कोणत्याही ठिकाणाबद्दल शंका आली की हा प्रश्न विचारा: ही वस्तू इथे थांबवली तर काय होईल?

स्थानकाचा आडवा वेग एकदम शून्य केला तर, हवेचा अडथळा न धरता, ते सुमारे पाच मिनिटांत जमिनीवर येईल. ओढ खरोखर नसती तर ते जिथल्या तिथे उभं राहिलं असतं. उलट बाजूनेही तपासा: वेग तसाच ठेवून ओढ काढून घेतली तर स्थानक वळणारच नाही. जी ९२ मिनिटं एका फेरीला लागतात तेवढ्यात ते सरळ रेषेत ४२,५०० किलोमीटर लांब गेलेलं असेल. आतली माणसं मात्र आधीसारखीच तरंगत राहतील, त्यांना काही कळणारही नाही.

त्यांना कळणार नाही, हेच तर या विषयातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण आहे. १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करत असताना आइन्स्टाइनला सुचलं की छतावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवणार नाही. सामान्य सापेक्षतेचा रस्ता तिथून सुरू झाला. पण मग बंद खोलीत, खिडकी नसताना, दोन स्थितींत काहीच फरक सापडणार नाही का? सापडतो. त्यासाठी खोली थोडी मोठी आणि माणूस थोडा धीराचा हवा.

पायरी ६: बंद खोलीतली परीक्षा, तीन चेंडू

ओढ सगळीकडे अगदी सारखी नसते. पृथ्वीच्या जवळच्या भागावर जरा जास्त, दूरच्या भागावर जरा कमी, आणि बाजूच्या भागांवर तिची दिशा जरा तिरपी, कारण सगळ्या रेषा पृथ्वीच्या केंद्राकडे जातात. समुद्राला भरती-ओहोटी येते ती चंद्र-सूर्याच्या ओढीतल्या अशाच फरकाने. मुक्तपतनात सामाईक ओढ लपते, हा फरक लपत नाही.

४०० किलोमीटरवर फिरणारं, पृथ्वीकडे कायम एकच बाजू ठेवणारं स्थानक घ्या. त्याच्या वस्तुमानकेंद्रापासून एक-एक मीटरवर तीन चेंडू हलकेच सोडा, भिंतींच्या तुलनेत स्थिर.

पहिला वर, म्हणजे पृथ्वीपासून दूरच्या बाजूला. दहा मिनिटांत तो आणखी ६७ सेंटिमीटर वर गेलेला आणि ३१ सेंटिमीटर मागे पडलेला दिसेल. खालच्या बाजूला सोडला असता तर तेवढाच खाली आणि पुढे गेला असता.

दुसरा पुढे, प्रवासाच्या दिशेला. तो जागच्या जागी राहील. केंद्राच्या पुढे, त्याच वाटेने चालणारी ती एक वेगळी वस्तू आहे, बाकी काही नाही.

तिसरा बाजूला, कक्षेच्या पातळीच्या बाहेर. हा आत येऊ लागेल. दहा मिनिटांत २२ सेंटिमीटर आत, २३ व्या मिनिटाला मध्यरेषा ओलांडेल, ४६ व्या मिनिटाला पलीकडे एक मीटरवर पोहोचेल आणि पूर्ण फेरीनंतर परत मूळ जागी येईल. त्याची स्वतःची कक्षा किंचित कललेली आहे, म्हणून असं होतं.

ओढ खरोखर नसलेल्या, न फिरणाऱ्या खोलीत तिन्ही चेंडू ढिम्म राहतील. पण एक पळवाट उरते. ओढ नसलेली खोली स्वतःभोवती फिरत असेल तर चेंडू त्यामुळेही सरकतील. म्हणून निवाडा तिसऱ्या चेंडूवर सोपवा. खोलीच्या फिरण्याने स्थिर सोडलेला चेंडू बाहेरच्या बाजूला जाऊ शकतो, अक्षावर असेल तर राहूही शकतो, पण मध्याकडे येऊ शकत नाही. चेंडू आत आला की समजा, बाहेर कुठेतरी मोठं वस्तुमान आहे आणि त्याची ओढ इथे पोहोचते आहे.

प्रत्यक्षात ही परीक्षा बिघडवणाऱ्या गोष्टी पुष्कळ. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही, म्हणून स्थानकात पंखे सतत चालू ठेवावे लागतात. नाहीतर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच कार्बन डायऑक्साइड साठतो. हा वारा चेंडूला सहज वाहून नेतो, तेव्हा चेंडू बंद पेटीत आणि शक्यतो निर्वातात हवेत. सोडतानाचा वेग सेकंदाला ०.१ मिलिमीटर इतका असला तरी दहा मिनिटांत ६ सेंटिमीटरची चूक येते. स्थानकाचं स्वतःचं वस्तुमान सुमारे ४२० टन आहे आणि त्याचीही इवलीशी ओढ असते. चहूबाजूंच्या भिंतींमुळे तिचा बराचसा भाग आपसांत खोडला जातो, पण काटेकोर मापनात ती धरावी लागते. शिवाय ४०० किलोमीटरवरही विरळ हवा आहे. ती स्थानकाला मागे ओढते, बंद पेटीतल्या चेंडूला नाही. म्हणून तर स्थानक हळूहळू खाली येतं आणि इंजिनं चालवून ते पुन्हा वर न्यावं लागतं.

हे कागदावरचं गणित म्हणून सोडून देऊ नका. युरोपीय अवकाश संस्थेच्या गोस उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात नेमकं हेच केलं. सुमारे २५५ किलोमीटरवर फिरताना, अर्धा-अर्धा मीटर अंतरावर बसवलेल्या त्वरणमापींच्या तीन जोड्यांमधला फरक मोजून त्याने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा नकाशा काढला. २००२ ते २०१७ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह एकमेकांपासून २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरले. त्या अंतरातल्या सूक्ष्म बदलांवरून वायव्य भारतातलं भूजल घटत असल्याचं दिसलं. जमिनीखालचं पाणी कमी झालं की ओढ कमी होते, आणि ते कक्षेतून कळतं. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणणाऱ्यासाठी याहून सरळ पुरावा नाही.

मग खरोखर नसलेली जागा कुठे आहे?

ही विचारणा आली की तीन ठिकाणं पुढे केली जातात. पृथ्वीचं केंद्र: तिथे चहूबाजूंची ओढ खोडली जाऊन पृथ्वीची ओढ खरंच शून्य होते. अपेक्षेपेक्षा वेगळं, पण बरोबर.

पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधला समतोल बिंदू, पृथ्वीपासून सुमारे ३,४६,००० किलोमीटरवर: दोघांची ओढ समान आणि विरुद्ध, पण सूर्याची ०.००५९ मी/से² शिल्लक. तिन्ही चेंडूंची परीक्षा तिथे घेतली तर तेही सरकतील, कारण बेरीज शून्य झाली तरी जागोजागचा फरक शून्य होत नाही.

तिसरं म्हणजे आदित्य-एल१ यान जिथे आहे तो लग्रांज बिंदू, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटर. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली ‘सूट’ नावाची दुर्बीण याच यानावर आहे आणि ६ जानेवारी २०२४ ला ते तिथल्या कक्षेत पोहोचलं, त्यामुळे आपल्याकडे या बिंदूबद्दल खूप लिहिलं गेलं. त्यात ‘तिथे सूर्य आणि पृथ्वीची ओढ समान होते’ हे वाक्य वारंवार दिसतं. हिशोब करा: तिथे सूर्याची ओढ ०.००६०५ मी/से², पृथ्वीची ०.०००१७७. सूर्याची चौतीसपट जास्त! ओढ खरंच समान होते ती पृथ्वीपासून अवघ्या २.६ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या कक्षेच्याही आत. एल१ ची खुबी वेगळीच आहे. सूर्याच्या जवळची वस्तू लवकर फेरी पूर्ण करते. एल१ वर पृथ्वी मागे ओढून सूर्याची ओढ नेमकी इतकी कमी करते की यानाची फेरीही पृथ्वीबरोबर, वर्षभरात पुरी होते. आदित्य तिथे थांबलेलं नाही. ते सूर्याभोवती पडतं आहे.

शब्द कोणते वापरावेत

‘शून्य गुरुत्वाकर्षण’ लिहू नका. ‘वजनरहित अवस्था’ किंवा ‘मुक्तपतन’ लिहा. ‘सूक्ष्मगुरुत्व’ हा शब्द शास्त्रज्ञ वापरतात, पण त्यातलं सूक्ष्म म्हणजे ओढ नव्हे. विरळ हवा, कंपनं आणि चेंडूंना हलवणारा तो जागोजागचा फरक यांमुळे उरणारं त्वरण ९.८ च्या दहा लाखांशाच्या घरात असतं, त्याला ते नाव आहे. ‘अवकाशात हवा नाही म्हणून गुरुत्वाकर्षण नाही’ हे उत्तर आलं तर चंद्र दाखवा: हवा नाही, ओढ आहे, माणसं चालून आली.

परीक्षेत लिहायला हे उत्तर पुरेसं आहे: ‘स्थानकावर गुरुत्व त्वरण ८.६९ मी/से² असते. स्थानक आणि आतील सर्व वस्तू त्याच त्वरणाने पृथ्वीकडे पडत असल्याने कोणतीही वस्तू दुसरीला आधाराचा रेटा देत नाही, म्हणून वजनकाटा शून्य दाखवतो. आडव्या वेगामुळे स्थानक जमिनीवर न येता कक्षेत फिरत राहते.’

आणि विद्यार्थ्याला खरंच कळलं का हे पाहायचं असेल तर एक प्रश्न विचारा: स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या अंतराळवीराच्या हातून पाना सुटला, तो कुठे जाईल? ‘खाली पडेल’ म्हणणारा ओढ विसरला नाही, पण पाना आधीपासूनच पडतो आहे हे विसरला. ‘तरंगत राहील, कारण गुरुत्वाकर्षण नाही’ म्हणणाऱ्याला पहिल्या पायरीवर परत न्या. पाना अंतराळवीराच्या शेजारी, त्याच्यासारखाच पडत राहतो आणि पृथ्वीभोवती फिरतो. दहा मिनिटांनी दोघांमध्ये थोडं अंतर पडलेलं असेल. कोणत्या दिशेला, हे ज्याला तीन चेंडूंवरून सांगता येतं, त्याला हा विषय आला.